रेघ हलवायची

“वेळ सुरू,” म्हणत यशराजने मोबाइल टेबलावर ठेवला.

बिरदेवचा डावा हात कीबोर्डवर गेला. एकोणीस वर्षांतला हा पाचवा कीबोर्ड; सी आणि एम ही अक्षरं याच्यावरचीही पुसून गेली होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर संयोगिता. दोघांना एकच काम : पंपाच्या बेसप्लेटच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये अकरा मापं बदलायची. जो आधी प्रिंट देईल तो राहणार. पुढच्या महिन्यापासून सॉफ्टवेअरचं लायसन एकच, म्हणून खुर्चीही एकच. यशराज मालकाचा पुतण्या. कुपवाडच्या एमआयडीसीत तोंडावर ‘जा’ म्हणायची हिंमत नसली की शर्यत लावतात. आणि लावणाऱ्याला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नसते.

संयोगिताला बिरदेवनेच शिकवलं होतं. रहिमतपूरहून डिप्लोमा घेऊन आली तेव्हा ती प्रत्येक कमांड माउसने शोधायची.

“तांदळातलं खडं निवडतीस व्हय गं?” तो म्हणायचा. “डावा हात बटणावर, उजवा माउसवर. उचलायचा न्हाई. एंटर कशाला? अंगठ्यानं स्पेस दाब. होल एकदाच काढ, ब्लॉक कर, मग नुसतं ठेवत जा.”

तिने सगळं वहीत उतरवलं. पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं : रेघ हलवायची, आकडा खोडायचा नाही.

कारण ड्रॉइंगमधला आकडा रेघ मोजून आपोआप येतो. घाईचा माणूस रेघ तशीच ठेवतो आणि आकड्यावर दुसरा आकडा लिहितो. कागद बघणारा फसतो. लेसर मशीन फसत नाही. तिला वाचता येत नाही, ती फक्त रेघ कापते.

दहा मापं झाली. संयोगिताचा प्रिंटचा बॉक्स उघडलेला त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. अकरावं माप, दोन होलांमधलं अंतर, एकशे ऐंशीचं एकशे पंच्याऐंशी. होल सरकवायचे तर शेजारच्या रिब, आधाराच्या पट्ट्याही, सरकवायच्या. तेवढा वेळ नव्हता. त्याने आकड्यावर दोनदा क्लिक केलं, १८५ टाइप केलं आणि प्रिंट दिली.

त्याचा कागद आधी बाहेर आला.

“बिरदेव जिंकले!” यशराजने कागदावरून नजर फिरवली आणि त्याचीच फाइल लेसरला पाठवली.

दहा मिनिटांत खालून लेसर चालवणाऱ्या केरबाचा फोन. “बिरदेव, पत्रा चढवलाय. साठ प्लेटा हाईत. चालू करू?”

“थांब.”

“टेम्पो दारात हाय गड्या!”

“थांब म्हणलं न्हवं का!”

त्याने फाइल उघडली. होल, रिब, पाच मिलिमीटर. मिनिटाचं काम. कुणाला पत्ता लागला नसता.

“मामा,” संयोगिता बॅग आवरत होती. आवाज कोरडा. “वही इथंच ठेवते. मला आता कशाला?”

वही त्याच्या कीबोर्डशेजारी आली. त्याने हात मागे घेतला आणि यशराजकडे वळला.

“साहेब, मी आकडा खोडलाय. रेघ एकशे ऐंशीवरच हाय. मशीन लावलं असतं तर साठच्या साठ प्लेटा भंगार. हिच्या स्क्रीनवर बघा, हिनं रेघ हलवलीया. ही जिंकली.”

यशराजने दोन्ही स्क्रीन बघितल्या. त्याला काही दिसलं नाही. “गुपचूप दुरुस्त करायचं होतंत. मला कळलं तरी असतं का?”

“न्हाई,” बिरदेव म्हणाला. “तुमाला कळलं नसतं.”

यशराजचा चेहरा लाल झाला. “मग उठा.”

तो उठला. संयोगिता बसेना. त्याने तिच्या खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. “बस गं. केरबा खोळंबलाय. तुझी फाइल माझ्या चौकटीच्या फॉर्मातच पाठव, मशीनला तीच सवय हाय.”

ती बसली. फाइल फॉर्ममध्ये बसवली. मग थांबली.

“मामा, कोपऱ्यात तुमचं नाव आहे. ड्रॉइंग काढणारा म्हणून.”

“खोड.”

“पण मामा…”

“तेवढं खोडलं तरी चालतंय. त्याच्याखाली रेघ न्हाई.”

तिने खोडायची कमांड दिली, नाव निवडलं. डावा हात बटणांवरच होता. अंगठ्याने तिने स्पेस दाबला.