गाडीचा पाहुणचार करायला निघालेली वायर

मित्रांनो, मी एक जुनी एक्स्टेन्शनची वायर आहे. मागच्या अंगणात घेवड्याचा वेल ज्या पिवळ्या दोरीवर चढलाय, ती दोरी नव्हे, मीच. नीट बघितलंत तर एका टोकाला मी काळी पडलेली दिसेन. काळी कशी पडले, ते सांगते.

कारखान्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा पिळून मला घडवलं, वर पिवळं प्लास्टिक चढवलं आणि एका चाकावर गुंडाळलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मला किती भार झेपतो ते चाकावर छापलेलं होतं म्हणे. मी ते कधी वाचलं नाही. घरातल्यांना वाचता येत होतं, त्यांनीही वाचलं नाही. पण अंगातून किती वाहतंय आणि किती सोसवतंय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

या घरात मी मानाने राहिले. मावशीचं शिवणयंत्र उन्हात, अंगणात चालायचं ते माझ्यामुळे. काकांचं ड्रिल गच्चीवर पोचायचं ते माझ्यामुळे. शेजारच्या मुलीच्या लग्नात अख्ख्या गल्लीच्या दिव्यांच्या माळा माझ्यावर लागल्या होत्या. मावशी चारचौघांत म्हणायची, "ही वायर आहे म्हणून घर चाललंय. यांच्या हातून खिळा ठोकून होत नाही." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मला मात्र ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग सगळ्यांना बॅटऱ्या आल्या. ड्रिलला बॅटरी, झाडूला बॅटरी. मी दाराआड खिळ्यावर लटकले. एका कोळ्याने माझ्या चाकात संसार थाटला, आणि मीही म्हटलं, थाट बाबा, तुझ्या तरी उपयोगी पडते.

अशात एका दुपारी मावशीची भाची आली. पुष्कळ दिवसांनी येत होती, म्हणून मावशीने पलंगावर नवी चादर घातली होती. भाची आली ती विजेवर चालणाऱ्या गाडीतून. गाडी इतकी गुपचूप आली की दारात उभी राहीपर्यंत कुणाला पत्ता नाही. जेवण झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, मी जरा झोपते. संध्याकाळी बाजारातल्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन येईन. तिथे रांग असली तर तिकडेच कुठेतरी राहीन आणि सकाळी परस्पर निघेन."

ती आत गेली. मावशीचा चेहरा उतरला.

"ऐकलंत? आपल्या घरात गाडीला दाणापाणी नाही, म्हणून पोरगी हॉटेलात झोपणार."

"अगं, ती तसं नाही म्हणाली."

"तसंच म्हणाली. मला मेलीला कान आहेत. इतक्या दिवसांनी आली आणि उपाशी गाडी घेऊन बाहेर जाणार. लोक काय, मीच काय म्हणेन मला? काढा ती वायर."

मित्रांनो, इथे वाईट कुणी नव्हतं, हे आधी ध्यानात घ्या. काकांनी कोळ्याला घराबाहेर काढलं आणि मला पुसून घेतलं. भाचीने खुंटीवर लावलेली गाडीची किल्ली घेऊन डिकीतून चार्जर काढला. गाडीच्या चार्जरची पिन जाड, माझ्या भोकांत बसेना. काकांनी डब्यातून एक अडॅप्टर शोधून ती बसवलीच. गाडी दारातच होती, म्हणून मला लागेल तेवढंच उलगडलं. बाकीची मी चाकावर गुंडाळलेलीच राहिले. चार्जरचं दुसरं टोक गाडीत खुपसलं आणि बटण दाबलं. गाडीवर हिरवा दिवा लागला. मावशी म्हणाली, "बघा, उठेल तेव्हा पोट भरलेलं."

ड्रिल जरा वेळ घुर्र करून थांबायचं. शिवणयंत्र तर माझ्या जिवावर कधी आलंच नाही. ही गाडी मात्र थांबेना. घोट घोट नाही, घटाघटा प्यायला लागली. त्यातून गुंडाळलेल्या वेढ्यांना वारा कुठला? एकाची ऊब दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. मला बोलता येत नाही, मला फक्त तापता येतं. मी तापले.

तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. पाणी आणि वीज एकत्र येऊ द्यायची नाही, एवढं मावशीला पक्कं ठाऊक. ती लगबगीने आली आणि तिने माझ्यावर जुनी रजई घातली. चांगली जाड, चारही बाजूंनी खोचून. मायेने घातली हो. लहानपणी भाचीला घातली असेल तशी.

मावशी चहात दूध ओतत होती तेव्हा वास सुटला. "अहो, दूध उतू गेलं का?"

"दूध तुझ्या हातात आहे," काका म्हणाले. मग दोघांनी दाराकडे बघितलं. रजईतून धूर येत होता.

काका मला ओढायला धावले. आतून भाचीचा आवाज आला, "काका, हात लावू नका. मावशी, मेन स्विच."

मी या घरात मावशीला पुष्कळ हुकूम सोडताना पाहिलंय, ऐकताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिने एक शब्द उलट काढला नाही. वळली, सरळ मीटरपाशी गेली आणि मेन खाली पाडला. हिरवा दिवा विझला. भाचीने लांब लाकडी काठीने रजई दूर सारली. रजईला भोक पडलं होतं. माझे वेढे एकमेकांना चिकटले होते. पलीकडे हातभर अंतरावर दाराची लाकडी चौकट होती, ती वाचली.

आता बोलणी बसणार, म्हणून मावशी खुर्चीत ताठ बसून राहिली. भाची तिच्यासमोर पायरीवर बसली.

"मावशी, निघायच्या आधी मी फोन करून विचारायला हवं होतं. गाडी घेऊन येतेय, तुझ्याकडे सोय आहे का, म्हणून."

"मी नाही म्हटलं असतं का?"

"तेच तर. तू कशालाच नाही म्हणत नाहीस. म्हणून मी स्टेशनचं बोलले."

मावशी खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "चहा पुन्हा टाकते. तो निवला."

ही भाची मला फार आवडली. चूक तिने कुणाच्या डोक्यावर आपटली नाही, आणि पदराआड लपवलीही नाही. वायरमनला बोलावलं. त्याने आमच्याकडचं वायरिंग बघितलं. धुण्याच्या मशीनचा पॉइंट भिंतीत होता, त्याला मीटरपासून वेगळी जाड वायर होती आणि अर्थिंगही धड होतं. तो म्हणाला, "इथून चालेल. मशीन काढा, दुसरं काही लावू नका, आणि मधे काही जोडू नका." भाचीने गाडी मागे घेत घेत अगदी भिंतीला आणली, चार्जर थेट भिंतीत लावला आणि गाडीला सांगितलं, सावकाश पी.

मग मावशीची गंमत बघायची होती. दर थोड्या वेळाने उठायची आणि पिनेला उपडा हात लावायची, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"ताप नाही," ती आत येऊन सांगायची.

"मावशी, झोप आता."

"तू झोप. पाहुणी तू आहेस."

भाची त्या रात्री नव्या चादरीवरच झोपली.

सकाळी ती गेल्यावर काकांनी मला उचललं. "थोडी टेप मारली की चालेल अजून."

"अहो, तुमच्या गुडघ्याला टेप मारून तुम्ही चालता का?" मावशी म्हणाली. तिने माझी पिन स्वतःच्या हाताने कात्रीने कापली, कुणाला मायेपोटीसुद्धा पुन्हा लावता येऊ नये म्हणून. आणि मला टाकलं नाही. अंगणात दोन खुंट्यांमध्ये ताणलं, खाली घेवडा पेरला.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरी जाल तेव्हा आधी विचारा. तुमच्या घरी कुणी आलं आणि घराला झेपत नसेल, तर तसं सांगा. त्याने पाहुणचार उणा होत नाही. परवाच भाचीचा फोन आला होता, पुन्हा येतेय म्हणून. मावशी अंगणात माझ्यावरच्या शेंगा तोडत होती. ती फोनवर म्हणाली, "ये. आज मात्र मशीनमध्ये धुणं आहे, तुझ्या गाडीला आज नाही. उद्या लावू."

मावशीने पाहुण्याला 'नाही' म्हटलेलं मी या घरात पहिल्यांदा ऐकलं. पलीकडून भाची हसली आणि म्हणाली, "मग मी दोन दिवस राहते."