वॉर्डलॉच्या पत्र्यावरचे घाव

मी एक जुनी मोटार आहे, आणि मला कोणाचं कौतुक नको आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला या संग्रहालयात येता, दोरीवरून वाकून माझ्याकडे बघता, आणि ती चष्मेवाली बाई तुम्हाला सांगते, "ही वॉर्डलॉ. आपल्या ऑटर फॉल्सची शान." डोंबलाची शान. तुमच्या आजोबांना विचारा, ते काय काय शब्द वापरायचे माझ्यासाठी. घरी सांगण्यासारखे नाहीत ते.

आता तुम्ही आलाच आहात, तर खरं काय ते ऐकून जा.

आमच्या घराण्याचं नाव एके काळी मोठं होतं, हे मी नाकारत नाही. पहिला वॉर्डलॉ म्हातारा मूळचा लोहार. गाडी कारखान्याबाहेर पडायच्या आधी तो स्वतः दार लावून बघायचा. कान देऊन आवाज ऐकायचा आणि आवाज मनाला आला नाही तर ते दार उतरवायला लावायचा. आमच्या मिशिगन राज्यातले डॉक्टर, पाद्री, न्यायाधीश, सगळे वॉर्डलॉतून फिरायचे. बाप मेला की मुलगे शेतासाठी भांडायचे नाहीत, वॉर्डलॉसाठी भांडायचे. मग म्हातारा गेला, मुलगा गेला, आणि नातवाने कारखाना हिशेबनिसांच्या हातात दिला. पत्रा पातळ झाला आणि जाहिरात जाड झाली. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, ते आमच्याकडे बघूनच म्हटलं असावं.

माझा जन्म या पडत्या काळातला. कारखान्यात जोडणीच्या सरकत्या पट्ट्यावरून गाड्या अशा पळवायचे की माणसाला घाम पुसायला उसंत नसायची. एक नट बसला नाही तर पुढचा बसवेल, आणि पुढचा म्हणणार, मागच्याने का नाही बसवला. मुकादमाचं एकच पालुपद, "बघत काय बसलायस? सोड पुढे. नीट करायचं ते विकणारा करेल."

दारं बसवायला कॅसिमिर ग्राबोव्स्की होता. सगळे त्याला कॅझ म्हणायचे. पोलिश घराण्यातला, रुंद खांद्यांचा, तोंडाने फटकळ. त्या दिवशी तो मुकादमाला म्हणाला, "मग दारं पण विकणाऱ्यालाच बसवू दे की. मी जातो घरी."

"जा ना. बाहेर रांग लागलीय तुझ्या जागेसाठी," मुकादम म्हणाला आणि निघून गेला.

कॅझचं डोकं फिरलं. शेजारी त्याचा जिवलग दोस्त ओटो होता, त्याने सरबताची रिकामी बाटली पुढे केली. पट्ट्यावर ही रीतच होती. मुकादमावरचा राग गाडीवर काढायचा. कॅझने बाटलीत दोन नट टाकले, माझ्या दाराच्या पोटात ती सुतळीने टांगली आणि वरून आतलं आवरण ठोकून टाकलं. "कोण घेईल तो बसेल खडखड ऐकत," तो म्हणाला. "बसू दे. आम्हाला तरी कुठे सुख आहे?" दोघं खूप हसले. मी नुकती जन्मले होते, आणि माझ्या बारशाला हे असं हसू मिळालं.

आता गंमत ऐका. कामगारांना गाडी सवलतीत मिळायची, आणि कॅझने एक हिरवी वॉर्डलॉ मागितली होती. नेमकी त्याच्या वाट्याला आलेली ती हिरवी मीच, आणि त्याला पत्ताच नाही. आपलेच दात आपलेच ओठ.

कॅझने मला घरी नेलं तेव्हा गल्लीतले लोक बाहेर आले. त्याची बायको स्टेला दारात उभी होती. मुलगी रीटा, तेव्हा विशीची असेल, ती पायरीवर बसून बघत होती. कॅझ माझ्या टपावर हात ठेवून म्हणाला, "आपल्या घरात आपलीच गाडी. दुसरी मी मेलो तरी येणार नाही." आमच्या गावात, ऑटर फॉल्समध्ये, हे बोलायचीसुद्धा गरज नव्हती. परदेशी गाडी म्हणजे आपल्या पोटावर पाय, म्हणून कारखान्याच्या आवारात ती उभी करायला बंदी होती. उन्हाळ्यात युनियनची जत्रा भरायची, तिथे एखादी भंगार जपानी गाडी आणून ठेवायचे. डॉलर टाकायचा, घण उचलायचा आणि घाव घालायचा. पैसे अनाथांच्या निधीला. पोरंटोरंसुद्धा हाणायची.

पहिल्या हिवाळ्यातच मी माझे गुण दाखवले. थंडी पडली की मी अडायची. घुर्र घुर्र करायची आणि गप्प व्हायची. कॅझने मला विकणाऱ्याकडे नेलं. तो मला आठवडाभर ठेवून घ्यायचा, धुऊन परत द्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, थंडीत सगळ्याच अडतात." कॅझ मान डोलवायचा. घरी येऊन बायकोला तेच सांगायचा. आणि दारातली खडखड? ती ऐकली की रेडिओ मोठा करायचा.

तोवर सगळं चाललं होतं. मग स्टेलाची मूत्रपिंडं गेली.

डायलिसिस फक्त शहरातल्या इस्पितळात व्हायचं, तासाभराच्या वाटेवर. आठवड्यातून तीनदा जावं लागे. कॅझची कारखान्यात पाळी असायची, म्हणून रीटा तिला न्यायची, माझ्यातून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एकही खेप चुकवू नका, अंगात विष साठेल. म्हणजे मित्रांनो, एका बाईचा जीव माझ्या चावीवर लटकला होता. आणि मी कशी, ते तुम्हाला सांगितलंच.

जानेवारीत मी दगा दिला. शेतांच्या मधोमध, बर्फाच्या वाऱ्यात, बंद पडले ती पडलेच. रीटा चावी फिरवत राहिली. स्टेलाचे ओठ काळेनिळे पडले. ती हात काखेत घालून बसली होती. शेवटी एक मका पिकवणारा शेतकरी छोट्या जपानी गाडीतून आला. तो दोघींना घेऊन गेला आणि मी तिथेच उभी राहिले. त्या छोट्या गाडीला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. ती नुसती टुर्र करून निघून गेली.

त्याच महिन्यात रीटाने तसलीच एक गाडी घेतली. जुनी, पांढरी, सशाएवढी. घरासमोर आणली तर कॅझ दारात आडवा उभा राहिला.

"ही इथे नाही."

"पप्पा, ही चालू होते."

"माझ्या दारात नाही म्हटलं ना. ओटोला कामावरून काढलंय. दुसरी पाळी बंद झालीय. आणि तू ही आणून लावतेस? कुठल्या तोंडाने बाहेर पडू मी?"

"आणि आईला काय सांगू? तुमचं नाक वर राहावं म्हणून मर?"

कॅझ हलला नाही. तेव्हा रीटाने गाडी दोन गल्ल्या पलीकडे, चर्चच्या मागच्या आवारात लावायला सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा स्टेला बर्फावरून तिथवर चालत जायची, मुलीचा दंड धरून, मधे मधे थांबून. मी गॅरेजात उभी असायची, दार उघडं असलं की मला दिसायचं. कॅझही खिडकीतून बघायचा. एकदा जाता जाता स्टेला त्याला म्हणाली, "कॅझ, मी तुझ्याशी लग्न केलंय. वॉर्डलॉशी नाही." आवाज चढवला नव्हता तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, तो भांडला तरी असता.

मग एका रविवारी तो हत्यारं घेऊन गॅरेजात आला. मला नीट करून दाखवायचंच, म्हणजे स्टेलाला चालावं लागणार नाही, असा त्याचा हट्ट. दिवसभर खपला. इंजिन उघडलं, तारा तपासल्या, काही सापडेना. चिडून त्याने खडखडणाऱ्या दाराचं आवरण उचकटलं. आत बाटली. सुतळी त्याच्याच गाठीची. तो आधी हसला, थोडंसंच. मग बाटली मांडीवर घेऊन माझ्या उघड्या दारात बसला, जेवायला हाक आली तरी उठला नाही. मला त्याची कीव आली नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कळू दे याला, म्हटलं.

पण तेवढ्याने माणूस बदलत नाही. सोमवारी स्टेला पुन्हा बर्फावरून चालत गेली.

ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे दिवस होते. या शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून संध्याकाळी चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण असतं, सगळं गाव येतं. त्याच दुपारी स्टेलाची खेप होती. जेवणाच्या तास दीड तास आधीच लोक जमू लागले, आणि कोणीतरी मागच्या आवारात ती पांढरी गाडी बघितली. ओटोच्या कानावर गेलं. ओटोला काम नव्हतं, पगार नव्हता, आणि जत्रेतला घण त्याच्याच गाडीत पडून होता.

शेजारचा पोरगा धावत आमच्याकडे आला, कॅझला काय ते सांगितलं. कॅझ गॅरेजात आला, चावी फिरवली, आणि मी एका झटक्यात चालू झाले. इतके हिवाळे अडून दाखवलं, आणि नेमकी तेव्हा चालू झाले. माझी मलाच लाज वाटली.

आवारात पोचलो तर पांढऱ्या गाडीभोवती वीसेक माणसं. ओटोच्या हातात घण. आत स्टेला बसलेली, काच खाली करून. रीटा बाहेर त्यांच्या पुढ्यात उभी.

"आईला उतरव, रीटा," ओटो म्हणाला. "तुझ्याशी भांडण नाही. गाडीशी आहे."

"मी उतरत नाही," स्टेला आतून म्हणाली. "फोड तू. मी बसून बघते. माझ्या लग्नात तू करवला होतास ना, ओटो? फोड."

ओटोचा हात वर जाईना आणि खालीही येईना. कॅझने मला सरळ मधे घातलं, पांढऱ्या गाडीच्या आणि त्यांच्या मधे, आणि उतरला.

"घण दे."

"कॅझ, तू मधे पडू नकोस. तुझीच पोरगी म्हणून आम्ही गप्प बसायचं का?"

"फोडायचंय ना? मग हिला फोडा."

"ही आपली आहे," ओटो म्हणाला.

"म्हणूनच. त्या पोरीच्या गाडीने तुझं काय वाकडं केलं? हिच्यामुळे माझी बायको रस्त्यात गोठत बसली होती." मग तो बाकीच्यांकडे वळला. "सगळ्यांच्या घरी हीच आहे. कोणाची सकाळी चालू होते, हात वर करा."

एकही हात वर आला नाही.

कॅझने घण घेतला आणि पहिला घाव माझ्या दारावर घातला. स्वतः बसवलेल्या दारावर. मग घण ओटोकडे दिला. ओटोने तो दोन्ही हातांनी असा हाणला की माझा पुढचा दिवा उडून भिंतीला लागला. त्याच्या मागे दुसरा आला, तिसरा आला. सभागृहातून बायका बाहेर आल्या, तळायचे मासे तसेच टाकून. एका म्हातारीने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि म्हणाली, "द्या इकडे. आमची तर वरातीतच बंद पडली होती." जत्रेतल्या जपानी गाडीला मी मार खाताना पाहिलं होतं. तिथे लोक हसत हसत मारायचे. मला मारताना कोणी हसत नव्हतं, आणि कोणी डॉलरही टाकला नाही.

मार सुरू झाला तेव्हाच रीटा पांढरी गाडी मागच्या फाटकाने काढून घेऊन गेली. स्टेला वेळेत पोचली. त्या रात्रीपासून ती सशाएवढी गाडी कॅझच्या दारात, माझ्या जागेवर उभी राहू लागली, आणि स्टेला पुढे चांगली नऊ वर्षं जगली. मला मागच्या शेडमध्ये लोटलं. कारखाना बंद पडला, बाकीच्या सगळ्या वॉर्डलॉ भंगारात गेल्या, आणि संग्रहालयाला एक तरी हवी म्हणून मला इथे आणून रंग दिला. पोचे मात्र निघाले नाहीत. शेजारच्या पाटीवर लिहिलंय, गारपिटीने नुकसान. एवढी गार कुठे पडते?

मित्रांनो, शाळेत तुम्हाला माझ्यावर निबंध लिहायला सांगतील. लिहा, वस्तूंची काळजी घ्यावी, मार्क मिळतील. मला पुसायला मात्र येऊ नका. पुसून काय होतं? काळजी घ्यायची ती वस्तू बनवताना. कारखान्यात माझ्यावर शेकडो हात फिरले, विकणाऱ्याकडे कितीतरी फिरले. पण माझ्यावर कोणी मन लावून काम केलं असेल, तर ते त्या शुक्रवारी, घण हातात घेऊन.