डाळीतले खडे

"अंगठा मागू नगंस," असं म्हणून सोनबांनी फॉर्म कौसल्यापुढे परत सरकवला.

सकाळपासून शेगडीपुढे उभं राहून कौसल्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या आहाराचा नवा कायदा झाला आणि पणदऱ्याच्या समाजमंदिरात एक वेळचं गरम जेवण सुरू झालं. रांधायचं, वाढायचं, भांडी घासायची, वर हे फॉर्म भरायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

"आबा, अंगठ्याबिगर ताट वाढता येत न्हाय मला."

"ती वळ वाच की परत."

तिने वाचली. 'मुलगा सांभाळत नाही, घरी जेवण मिळत नाही.'

"विशाल बारामतीला एमआयडीसीत हाय. कामात असतंय पोरगं. सांभाळत न्हाय असं मी कसं लिवून देऊ? बाप हाय मी त्याचा."

विशाल दिवाळीपासून गावाकडे फिरकला नव्हता, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. सोनबांचा सदरा आता अंगावर नुसता लोंबत होता. कौसल्याला म्हाताऱ्याचा राग आला आणि त्याहून जास्त कणव आली. कायदा करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त बापाचा तेवढा राहून गेला होता.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "पर डाळ निवडायला माणूस न्हाय मला. डोळ्यांना खडं दिसत न्हाईत. रोज निवडून दिलीत तर माझ्या ताटातलं निम्मं तुमचं."

सोनबांनी टोपी सारखी केली. "काम असंल तर येतो."

खरं तर डाळ पाकिटातून यायची, अगदी स्वच्छ. कौसल्याने नळाजवळून मूठभर खडे वेचून आणले, धुतले आणि डाळीत कालवले. सोनबा तासभर परात घेऊन बसायचे, निवडलेले खडे खिडकीतल्या वाटीत टाकायचे आणि मग मान वर करून जेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खडे ती पुन्हा डाळीत मिसळायची. आधीच कामाचा रगाडा, त्यात हा उद्योग, असं ती रोज स्वतःशी पुटपुटायची. चार महिने असेच गेले.

एक दिवस तिला ताप होता. कशीबशी येऊन तिने डाळ परातीत ओतली, ती सोनबांपुढे ठेवली आणि कांदा चिरायला आत गेली. अर्धा कांदा चिरून झाल्यावर तिला खड्यांची आठवण झाली. ती तशीच दाराशी आली.

सोनबा स्वच्छ डाळीकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने ते गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी खिडकीतली वाटी घेतली, खडे डाळीवर ओतले आणि हाताने नीट कालवले. मग चष्मा लावून ते निवडायला बसले.

कौसल्या दोन पावलं मागे सरली. आतून तिने उगाच एक पातेलं वाजवलं आणि विचारलं, "आबा, झाली का निवडून?"

"दम धर जरा," सोनबा म्हणाले. "आज लई खडं हायत."