तिसरं ताट

बाइंडर माणूस पुस्तकं वाचत नाही. न्हाव्याला जसं माणसाचं डोकं दिसत नाही, केस दिसतात, तसं बाइंडरला शिवण दिसते, पुठ्ठा दिसतो, वाळवीनं खाल्लेला कोपरा दिसतो. आणि हा बाइंडर तर चौथीतनं शाळा सोडलेला. तीस वर्षांत हजारो पुस्तकं त्याच्या हाताखालनं गेली, पण एखाद्याची गोष्ट विचारली तर म्हणायचा, "जाड होतं."

वाचायचा तो फक्त कडा. पुस्तक उसवायच्या आधी पानं सगळी आहेत का ते बघावं लागतं, आणि जुन्या पुस्तकांच्या पानांवरचे आकडे फाटून गेलेले असतात. म्हणून त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं, या पानाची शेवटची ओळ बघ, पुढच्या पानाची पहिली बघ. वाक्य जुळलं की पुढं चल. मधल्या मजकुराशी आपलं काय देणंघेणं? मधलं लोकांचं, सांधा आपला.

आता दिवस कसे होते ते सांगतो. माणसाला शिंक आली तरी आधी इकडंतिकडं बघून मग शिंकायचा, असे दिवस. हातात यादी घेतलेले लोक गल्लोगल्ली फिरायचे. यादीत नाव असलं की माणूस जायचा, आणि गेलेला परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लोकांनी त्यांचं नावच पाडलं, यादीवाले.

बाइंडरचा मेव्हणा शाळेत मास्तर. पहिल्या फेरीत उचलून नेलेल्या माणसांना सोडा म्हणून ह्या शहाण्यानं अर्ज लिहिला, सह्या गोळा करत दारोदार फिरला, आणि पहिली सही कुणाची? त्याची स्वतःचीच. आज तेवीस दिवस झाले, मास्तर बाइंडिंगच्या खोलीवरच्या माळ्यावर, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमागं. जन्मभर बडबड करून पोट भरलेला माणूस. त्यानं गप्प बसायचं म्हणजे मांजरानं दुधाची राखण करायची.

आणि खाली बाइंडर, जातीचाच संशयी. दुधावर साय जाड आली तरी "ह्यात काय घातलंय?" म्हणून विचारणारा.

शनिवारी सकाळी लायब्ररीच्या बाई आल्या. तिथली फाटकी पुस्तकं एरवी शिपाई गठ्ठा बांधून आणायचा. आज बाई स्वतः, आणि पिशवीत पुस्तक एकच.

"शिपाई कुठंय?" बाइंडरनं विचारलं.

"आहे की. मीच इकडनं जात होते, म्हटलं देऊन टाकू."

"इकडनं? इकडं तर रस्ता संपतो."

"म्हणून तर परत फिरावं लागतं," बाई हसल्या.

त्याला नाही हसू आलं. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं. वरचा पुठ्ठा गेलेला, पाठीवर चिकटपट्ट्या मारलेल्या. पहिली सोळा पानंही गायब, म्हणजे नाव, साल, लिहिणारा, सगळंच गेलं.

"पावतीवर नाव काय लिहू?"

"लिहा काहीतरी. पण पानं नीट बघून लावा हं. घाईत काम करू नका."

तीस वर्षांत बाई कधी असं बोलल्या नव्हत्या. आणि जाताना त्यांनी काय केलं, तर दाराबाहेरच्या नळाकडं एकवार बघितलं. नळावर बाइंडरची बायको भांडी घासत होती. बाईंनी बघितलं आणि निघून गेल्या. बाइंडरनं ते ध्यानात ठेवलं. तो सगळंच ध्यानात ठेवायचा.

मग बसला सांधे बघायला. पानं पटापट जुळत होती. बत्तिसाव्या पानाची शेवटची ओळ आली, "बाई दोघांपुरतं वाढून घ्यायची, पण नळावर". पुढच्या पानाची पहिली, "धुवायला ताटं तीन निघायची."

बाइंडरचा हात तिथंच राहिला. दारातनं त्यानं नळाकडं बघितलं. बायकोनं भांडी उपडी घातली होती. एक ताट. दोन. तीन.

म्हटलं योगायोग असेल, चार पानं पुढं गेला. तर तिथं, "शिडीची जागा बदलली तेव्हाच", आणि पान उलटल्यावर, "समोरच्याच्या ध्यानात आलं."

शिडी त्यानं मागच्याच आठवड्यात हलवली होती. समोर शिंप्याचं दुकान. शिंप्याच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळं बोलायचा कमी. पण डोळ्यांत काही टाचण्या नव्हत्या.

बाइंडरनं पुस्तकाचा कागद चिमटीत धरला, वास घेतला, उजेडात धरून बघितला. कागद बघून वय सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पांढरा, लवचिक, कुठं पिवळा पडलेला नाही. पाच वर्षांच्या वरचा नाही. म्हणजे हे लिहिणारा माणूस जिवंत आहे. इथंच कुठंतरी आहे. आणि त्याला आपल्या घरातली ताटं माहीत आहेत!

त्यानं पुस्तक फडक्यात गुंडाळलं, बायकोला आत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"अहो, भर सकाळी दार का लावताय? शिंप्याला वाटेल काहीतरी," बायको म्हणाली.

"वाटायचं ते वाटून झालंय. पुस्तक निघालंय आपल्यावर."

"कुणावर?"

"तुझ्या भावावर! ताटं, शिडी, सगळं छापून आलंय. ती बाई उगाच नाही आली. वास काढायला आली होती. मास्तरला आज इथनं हलायला पाहिजे. संध्याकाळी चौकातला पहारा बदलतो, तेवढ्यात."

"आणि जाईल कुठं?"

"मला काय माहीत? तेवीस दिवस झाले, मला माझ्या घरात मोठ्यानं खोकता येत नाही."

"खोका की मग. खोकल्यानं माणूस मरत नाही. बाहेर गेला तर माझा भाऊ मरेल."

बाइंडरच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. त्यांनी येऊन धरायच्या आधी आपणच चौकीवर जाऊन सांगितलं तर? बायकोला तरी हात लावणार नाहीत. विचार त्याला आवडला नाही. पण त्यानं तो लगेच हाकललाही नाही, हे खरं आहे ते सांगायला पाहिजे.

माळ्यावरनं हळूच आवाज आला. "दाजी."

"गप बस."

"गप्पच आहे की तेवीस दिवस. ते पुस्तक जरा वर द्या. माणसानं आपल्यावरचं पुस्तक तरी वाचावं."

बाइंडरनं काठीला पिशवी अडकवून पुस्तक वर पोचवलं. दुपारभर तो खाली नुसता बसून राहिला. खळ वाळून गेली. शिंपी दोनदा दुकानाबाहेर येऊन आत गेला. दोन्ही वेळा ह्यानं दाराच्या फटीतनं बघून मोजलं. वर पानं उलटल्याचा आवाज, आणि मधेच नाक ओढल्याचा. मास्तरला सर्दी नव्हती.

चार वाजायच्या सुमाराला मास्तरचं डोकं पुठ्ठ्यांमधनं बाहेर आलं. डोळे लाल.

"दाजी, ही आपली गोष्ट नाही. ह्यात घोडागाडी आहे, कंदील आहेत. लपलेला माणूस घड्याळं दुरुस्त करणारा आहे. जुनं पुस्तक आहे हे."

"मला कागद शिकवतोस? पाच वर्षांच्या वरचा नाही हा."

"तुम्ही मधलं वाचलंत कुठं? कडा वाचून गोष्ट कळते होय? कुंपण बघून शेतात काय पेरलंय ते सांगायला लागलात."

बाइंडर चिडला. पुस्तक खाली घेतलं, पाठीवर ओलं फडकं ठेवलं, चिकटपट्ट्या आणि खालचं कापड सोलून काढलं. कापडाखाली पाठीला मजबुतीसाठी रद्दीची पट्टी चिकटवलेली असते. ती वर्तमानपत्राची होती आणि तिच्यावर तारीख होती. बाइंडरनं ती दोनदा वाचली. एकेचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा तो स्वतः पाळण्यात होता.

पट्टीखाली शिवण. दोऱ्याच्या शेवटी गाठ, तीन वेढे आणि एक उलटा. अशी गाठ सगळ्या गावात एकच माणूस मारायचा. त्याचा बाप.

"कागद पिवळा कसा पडला नाही मग?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"वरचं फाटलं ते फाटलं, आत उघडलंच नसेल कुणी," मास्तर म्हणाला. "चाळीस वर्षं फळीवर मिटून पडलेलं. ऊन नाही, वारा नाही. माझ्यासारखंच. फक्त मी पिवळा पडलोय."

बायको तोंडावर पदर धरून हसली. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. बाइंडरच्याही छातीवरचं ओझं जरा हललं. आपल्यावर कुणी लिहिलेलं नाही. कुणाच्या तरी घरात असंच घडलं होतं, आपल्या आधी, आणि आपल्या बापानं ते ह्याच खोलीत बसून शिवलं होतं. त्यानंही नुसते सांधेच बघितले असतील.

"त्या घड्याळवाल्याचं शेवटी काय होतं?" त्यानं विचारलं.

मास्तर घुटमळला. "धरून नेतात."

"कुणी सांगितलं? समोरच्यानं?"

"समोरचा शेवटपर्यंत बोलत नाही. त्याला पहिल्यापासनं माहीत असतं." मास्तरनं सुटून आलेली शेवटची सोळा पानं वर मागून घेतली आणि हलक्या आवाजात वाचलं. "ज्यानं खबर दिली त्याला बक्षीस नको होतं, सूडही नको होता. त्याला फक्त आपल्या घरात पुन्हा मोठ्यानं खोकायचं होतं."

बायकोनं नवऱ्याकडं बघितलं. मास्तरनं नाही बघितलं, तो पानंच सारखी करत राहिला. ते जास्त लागलं.

आयुष्यभर बाइंडरनं दुसऱ्यावर संशय घेतला होता. आज पहिल्यांदा योग्य माणूस सापडला. त्याचा गळा खवखवायला लागला, खरोखरचा खोकला आला, आणि त्यानं तो दोन्ही हातांनी तोंड दाबून गिळला. डोळ्यांत पाणी आलं. मग उठला आणि शिडी उचलून पहिल्या जागी, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या मागं, आडवी ठेवली.

"आजपासनं," तो बायकोला म्हणाला, "तिसरं ताट आत धुवायचं. बादलीत."

बुधवारी बाई पुस्तक न्यायला आल्या. नवा पुठ्ठा, नवी शिवण. बापाची गाठ तेवढी त्यानं कापली नव्हती, आतच ठेवली होती.

"वाचलंत का?" बाईंनी विचारलं.

"आम्ही बाइंडर. आम्ही कुठं वाचतो?"

"बत्तिसावं पान निसटेल असं वाटत होतं मला."

"पक्कं केलंय," बाइंडर म्हणाला. "आता नाही निसटायचं."

बाईंनी दारातनं नळाकडं बघितलं. दोन ताटं उपडी होती. त्यांनी मान हलवल्या न हलवल्यासारखी केली आणि पिशवीतनं दुसरं पुस्तक काढून ठेवलं. "हेही मोडलंय. सावकाश करा. महिना लागला तरी चालेल."

बाई गेल्यावर बाइंडरनं पुस्तक हातात घेतलं. पाठ शाबूत, शिवण घट्ट, पान न् पान जागेवर. मोडलेलं काहीच नव्हतं. लगेच त्याचं डोकं फिरायला लागलं. ही बाई आपली, की गोड बोलून मान कापणारी? उद्या कुणी झडती घ्यायला आलं आणि विचारलं, "धडधाकट पुस्तक तुझ्याकडं कशाला?" तर?

मग त्यानं सुरी घेतली आणि त्या धडधाकट पुस्तकाची शिवण स्वतःच्या हातानं कापली. पुठ्ठा वेगळा केला, कोपरे मोडले, आणि वहीत लिहिलं, "फार वाईट अवस्था." पुठ्ठा समोर सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. पानं पिशवीत घालून वर पोचवली.

थोड्या वेळानं माळ्यावर पान उलटल्याचा आवाज आला. समोर शिंप्यानं मान वर केली. बाइंडरनं हातोडी घेतली आणि आत काहीच नसलेल्या पुठ्ठ्यावर ठोकायला लागला, आणि प्रत्येक पानाला एक, असा ठोका देत राहिला.