वाळूवरचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांना तोंडाने काही मागता येत नाही. आधी काहीतरी आणून हातात ठेवतात, आणि आपण ते बघत असताना घरातलं दुसरं काहीतरी गेलेलं असतं. बांगडे आणले की समजावं, गावाहून कुणीतरी महिनाभर राहायला निघालाय. मला हिरवं पातळ आणलं आणि त्याच आठवड्यात माझं शिलाईचं मशीन नणंदेच्या घरी पोचलं. "तिला गरज होती गो." मला नव्हती? पातळ नेसून मी काय दातांनी शिवत बसू?

तेव्हा दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी हा माणूस ड्युटीवरून आला, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "शेवंते, दोन दिवस फिरायला जाऊया. मशीनच्या होडीतून. तू नि मी दोघंच." बांगड्याला एक पाहुणा, पातळाला एक मशीन. मग होडीला काय?

"काय दिलंत?" मी विचारलं.

"कुणाला?"

"ते तुम्ही सांगा."

"काय बाई संशयी तू! लोक बायकोला माथेरानला नेतात."

"लोकांनी आधी कधीतरी राणीच्या बागेत नेलेली असते. मला तुम्ही फक्त मयताला नि बारशाला नेलंत."

हसले. हसले म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं दिलं होतं. मी सगळं घर बघून घेतलं. माझी पितळेची पातेली जागेवर, गळ्यातलं गळ्यात. मग म्हटलं, चला. खानावळीला दोन दिवस कुलूप लावलं, जेवणाऱ्या पोरांना सांगितलं की वडापाव खा आणि माझी किंमत ओळखा.

ही खानावळ म्हणजे आमची चारकोपची खोलीच. पुढच्या भागात पाट मांडायचे, मागे आम्ही झोपायचं. संपात ह्यांची गिरणी गेली, त्यानंतर आम्हांला चारकोपला जागा लागली. जागा म्हणजे काय, नुसता ओटा नि संडास, वर आभाळ. बाकी ज्याचं त्याने बांधून घ्यायचं. गवंडी एकच होता आणि त्याची बिगारी मी. विटा मी वाहिल्या, वाळू मी चाळली, भिंतीवर पाणी मी मारलं. हे तेव्हा लालबागेत पारावर बसून संप कधी मिटणार ह्याची चर्चा करत होते. नंतर इंडस्ट्रियल इस्टेटीत एका बादल्यांच्या कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. पण घर चाललं ते त्या कारखान्यातल्या पोरांना मी वाढलेल्या भाताच्या ताटांवर. कागदावर नाव मात्र ह्यांचं, काशीराम. बायकांची नावं घालायची तेव्हा कुणाला आठवण राहते?

होडी ह्यांच्या चुलतभावाने आणली, धोंडिरामने. हा धोंडिराम मनोरीला घाटकोपरच्या एका शेटच्या बंगल्यावर राखणदार आहे. शेट येतो मे महिन्यात, बाकी वर्षभर बंगला, नारळ, होडी आणि धोंडिराम. माणूस भोळा. पोटात एक नि ओठात एक हे त्याला जमत नाही. ह्यांनी तेवढं तरी लक्षात ठेवायला हवं होतं.

गोराईच्या धक्क्यावर ती होडी बघितली आणि मी म्हटलं, "ही? आमची मोरी ह्याहून मोठी आहे."

"वैनी, बसा तरी! विमान आसा विमान!"

ह्यांनी लगेच त्याला बाजूला सारलं. "धोंड्या, मशीन मी चालू करतो. माझा जन्म खाडीवर गेला." दोरी ओढली ती मशीन राहिलं बाजूला, कोपर माझ्या बरगडीत. पुन्हा ओढली, पुन्हा बरगडी. शेवटी धोंडिरामने कसलीशी चावी फिरवली आणि मशीन भडभड करायला लागलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काय त्यांनीच ते सुरू केलं.

खाडीतून गेलो. दोन्ही बाजूंना तिवरं, चिखलात बगळे. रॉकेलचा वास नाकात बसला. पण पुढे खाडीचं तोंड रुंद झालं, वारा लागला आणि मनोरीच्या बाजूला वाळू दिसायला लागली. किनाऱ्याची सपाट वाळू नव्हे. ढीगच्या ढीग, टेकड्याच, एकीच्या मागे दुसरी, वर सुरूची झाडं. मी जन्मभर वाळू बघितली ती घमेल्यात, डोक्यावर. इथे ती कुणी न उचललेली, न चाळलेली, फुकट पडलेली. आम्ही मशीन हळू करून त्या काठाकाठाने गेलो. मग उतरलो, मी चपला हातात घेतल्या आणि चढले. पाय आत जात होता, मागे सरकत होता, मी तरी चढत होते. वर जाऊन बसले. समोर समुद्र, मागे खाडी.

बरं वाटलं. हे सांगताना आता राग येतो, पण वाटलं बरं. हे शेजारी येऊन बसले, धापा टाकत. म्हणाले, "शेवंते, असंच राहावं ना म्हातारपणी? मोकळ्या हवेत? गावाला?"

"गावाला कुठे? तुमच्या धाकट्या भावाच्या, गुणाजीच्या पडवीत?"

हे वाळूत बोटाने रेघा मारत बसले. संध्याकाळी धोंडिरामने बोयरं, खाडीतली मासळी, भाजली, शेटच्या व्हरांड्यात बसून आम्ही ती भाकरीशी खाल्ली. हे मला मधला तुकडा काढून देत होते. मधला तुकडा! लग्नात घास भरवला तोही ओठाला लावून परत घेतला होता ह्या माणसाने. मी खाल्ला आणि मनात म्हटलं, बाई गं, आता खोल काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडी घेऊन त्या टेकड्यांच्या पार टोकाला जाणार होतो. निघताना धोंडिरामने थांबवलं. बंगल्याच्या मागे पहिल्या टेकडीच्या पायथ्याशी त्याने एक दगड मांडलाय, शेंदूर लावून. गावच्या राखणदार देवाच्या नावाने. परक्या वाळूवर आपला एक देव असावा म्हणून.

"दादा, पाण्यार जाताव. नारळ ठेवतंय, दोन शब्द बोलतंय, मग जावा."

हे एकदम घाईला आले. "राहूदे रे धोंड्या, ओहोटी लागेल."

"देवाक टाळून खय जाशात?"

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे कुठलंही काम करायचं असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पाळण्यात असल्यापासून आम्ही ते ऐकतो. ऐकून ऐकून असं झालंय की 'म्हाराजा' हा शब्द कानावर पडला की तोंड आपोआप 'व्हय' म्हणतं. डोक्याला विचारत नाही.

धोंडिरामने नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि असा आवाज लावला की सुरूवरचे कावळे उडाले.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

"ह्यो काशीराम आपल्या बायलेक घेवन तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पाण्यार तेंका काय उणा पडा नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि चारकोपची खोली धाकट्या गुणाजीच्या नावार करूचो शब्द ह्येना दिलो हा, तां काम सुखान पार पडांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हटलं. मी म्हटलं. खणखणीत. ह्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, एकटी मीच म्हणत होते. आणि मग ते वाक्य कानातून आत उतरलं.

धोंडिरामने नारळ फोडला. खोबरं हातावर ठेवत म्हणाला, "वैनी, मोठा मन तुमचा. माका वाटला तुमी आडव्या येशात."

मी खोबरं वाळूत टाकलं. "काय म्हणाला हा?"

हे खाली बघत होते. "आज सांगणारच होतो गो. त्या टोकाला गेल्यावर. निवांत."

"कधी दिला शब्द?"

"गणपतीत, मी एकटा गावाला गेलो तेव्हा. गुणाजी म्हणाला, गावची शेती मी राखली, आईबापांचं मी केलं. त्याच्या पोराला मुंबईत नोकरी लागलीय, त्याला जागा नको? चारचौघांत बोलला. मी काय बोलणार?"

"आईचं त्याने केलं? तुमची आई शेवटची दोन वर्षं कुठे होती? माझ्या चुलीपाशी. तिची लुगडी कोण धूत होतं, गुणाजी? तो आला बाराव्याला, दोन वाट्या खीर खाऊन गेला."

"तो धाकटा आहे गो."

"मी काय थोरली आहे?"

"सही अजून केली नाही. सोमवारी करायची आहे. आणि आता…" इथे हा माणूस मान वर करून, सुटल्यासारखा हसला. "आता तूच देवासमोर व्हय म्हटलंस. माझ्यावरचं ओझं गेलं बघ."

मी पुष्कळ गोष्टी गिळल्यात. मशीन गिळलं, पाहुणे गिळले. पण ते हसू! माझ्याच तोंडाने माझं घर गेलं आणि ह्यांच्या डोक्यावरचा भार उतरला! भीतीही होती, खोटं का सांगू. देवासमोर निघालेला शब्द आम्ही पायाखाली घेत नाही. कागद फाडता येतो, गाऱ्हाणं फाडता येत नाही. त्यावर दुसरं गाऱ्हाणंच लागतं.

मी पदर खोचला आणि दगडासमोर जाऊन उभी राहिले.

धोंडिराम दचकला. "वैनी, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"नसता तर देव उठून जाईल. बघ, जातो काय?"

दगड होता तिथेच होता. मी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, ह्यांच्याकडे बघत बोलले.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धोंडिरामच्या तोंडून निघून गेलं. लगेच त्याने तोंडावर हात ठेवला.

"मगाशी ह्या शेवंतीन व्हय म्हटल्यान, तां फसवून म्हणवून घेतलेला. तां तू ऐकू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हातातूनच आलं.

"चारकोपच्या भिंती माज्या डोक्यावरसून गेल्या हत. त्या भिंतीतली एक वीट ह्येना उचलूक नाय, गुणाजीन उचलूक नाय. जेना बांधल्यान नाय, तेका दुसऱ्याक देवूचो अधिकार नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता धोंडिरामने हातही काढून टाकला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, का वाळू गेली होती, देव जाणे.

"आणि सोमवारी जो गुणाजीच्या कागदार सही करीत, तेका तू बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्यांचं तोंड मिटलेलं. पांढरेफटक पडले होते. मी नारळाचं उरलेलं अर्धं भकल उचलून दगडापुढे ठेवलं आणि कपाळ टेकलं. वळले तर हे धोंडिरामला विचारत होते, हळू आवाजात, मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने: "धोंड्या, एका देवाक दोन उलटी गाऱ्हाणी. आता रे? सही केली तर देव, नाय केली तर गुणाजी."

धोंडिराम म्हणाला, "दादा, माका नको विचारू. मी खालची होडी बघतंय." आणि तो गेला.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. वारा सुटला होता, वाळू पायावर मारत होती. हे म्हणाले, "शेवंते, तूच सांग आता. मी काय करू?"

"सांगते. नीट ऐका. घर देऊन टाकलंत ह्याचा राग आहेच, तो मरेपर्यंत जाणार नाही. पण तुम्ही मन मोठं करून दिलं असतंत, घरात येऊन माझ्या तोंडावर सांगितलं असतंत, तर मी भांडले असते, भांडी फेकली असती आणि तुम्हांला माणूस म्हटलं असतं. तुम्ही मला होडीत घातलंत. वाळूवर बसवलंत. मधला तुकडा भरवलात. भावाला नाही म्हणायची छाती नाही म्हणून बायकोला गोड करून विकायला काढलंत. भावाला भिता, देवाला भिता, आता मला भिताय. तुम्ही वाईट नाही हो, तुम्ही भित्रे आहात, आणि भित्र्याच्या नावावर घर ठेवत नसतात. सोमवारी त्याच कचेरीत जायचं, सही करायची, पण माझ्या नावावर. गुणाजीला मी सांगेन. तुम्ही माझ्या मागे उभे राहा, आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर तोंडातून एकच शब्द काढा, जो आज माझ्या गाऱ्हाण्याला निघाला नाही, व्हय. म्हणा बघू आता, मोठ्याने म्हणा."