त्या दिवशी तार तुटली नाही

मित्रांनो, मी चेलो आहे, व्हायोलिनचा थोरला भाऊ. मला गुडघ्यांत धरून वाजवतात. ज्या कारागिराने मला घडवले, त्याची पतवंडेही आता हयात नाहीत. त्याने मला मेंढीच्या आतड्याच्या तारा लावल्या होत्या. पुढच्या मालकांनी त्या काढून पोलादी घातल्या आणि माझा आवाज गुळगुळीत झाला.

मग एका वादक बाईंनी मला विकत घेतले आणि पहिल्याच आठवड्यात ते पोलाद उतरवून पुन्हा आतड्याच्या तारा चढवल्या. त्यांचे थोरले भाऊ आठ वादकांचा ताफा चालवीत; बाई त्यातच वाजवत. ज्या काळचे संगीत, त्या काळचीच वाद्ये, हा त्यांचा हट्ट. वाजवणे मात्र अंगावर येणारे. "आपण कुणाला झोपवायला बसलेलो नाही," ते म्हणत. बाई गज असा ओढत, की माझ्या पोटात खरखर उठे. इतक्या वर्षांनी मला पुन्हा कंठ फुटला होता.

ध्वनिमुद्रण एका दगडी सभागृहात तीन दिवस चालले. गारठा इतका, की वादक कोट घालूनच बसत. तिसऱ्या दुपारी शेवटचा भाग चौथ्यांदा वाजवून झाला आणि बाईंनी गज मांडीवर ठेवला.

"दादा, करंगळी बधिर झालीये. आता पुरे."

"शेवटचं एकदा. अजून जरा वेगात. उद्या हॉल दुसऱ्यांचा आहे."

बाईंनी हात कोटात घालून चोळला आणि मला जवळ ओढले. त्यांचे बोट माझ्यावर लाकडासारखे आपटत होते. माझ्या तारा एरवी जराशा दमट हवेनेही तुटत. तेव्हा एक तुटली असती, तर सगळे थांबले असते. एकही तुटली नाही.

तीच फेरी तबकडीवर गेली. यातली आग ऐका, असे लोक एकमेकांना सांगत. त्या फेरीनंतर बाईंची बोटे बधिरच राहिली. डाव्या हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी त्यांना कोटाचे बटणही लावता येईना. मी भिंतीशी उभा राहिलो. कोरड्या हवेने माझ्या पोटाला तडा गेला, तो कुणी पाहिलाही नाही.

एकदा दादांनी घरी ती तबकडी लावली. "असं कुणी वाजवलेलंच नाही म्हणतात."

"बंद कर," बाई म्हणाल्या. "मी पुरे म्हणाले होते."

दादांनी बंद केली. त्याच महिन्यात त्यांनी ताफा मोडला.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना जपा. उन्हात, शेगडीजवळ ठेवू नका. पण आमचा तडा सरसाने सांधता येतो, माणसाचा हात नाही. वाजवणारा 'आता पुरे' म्हणाला, तर त्याचे पहिल्याच वेळी ऐका.