चष्मेवाला सेनापती

"एका दिवसाचं काय घेऊन बसलीस?" नाटकमंडळीच्या मालकीण लिएन मावशी म्हणाल्या. "मात्सू देवीचा जन्मदिवस आहे. लेन्स घाल, दोन तास काढ, मग फेकून दे."

"त्या लेन्सपायी उजवा डोळा जात होता, मावशी."

तैवानभर देवळांपुढे खेळ करणाऱ्या या मंडळीत श्युएली अकरा वर्षं तरुण सेनापती व्हायची. लेन्सची डबी ती गावोगाव देवळाच्या नळाखाली खळखळून धुवायची. देवीच्या दारचं पाणी, त्याला काय धाड भरलीय! त्या पाण्यातून अमीबा डबीत आले आणि डबीतून बुबुळात. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले, तेव्हा ते मेले आपल्या बापजाद्यांच्या घरात असल्यासारखे निवांत सरपटत होते. सात महिने थेंब घालून डोळा वाचला, पण लेन्स जन्माची बंद झाली.

"देवीच्या पाण्यात किडे? जीभ झडेल तुझी!"

"पाणी देवीचं, पण टाकी पंचांची. आत कोण उतरलंय कधी घासायला?"

"चष्मेवाला सेनापती कुठं पाहिलायस? आज तू निशाण धर. सेनापती शिआओफेन करील."

अकरा वर्षांचा सेनापती आता निशाण धरणार! श्युएलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिलखत तिनं सकाळीच चढवलं होतं. ढोल वाजला, आणि शिआओफेन शिरस्त्राणाची नाडी बांधेपर्यंत ही जाड भिंगांसकट रंगमंचावर हजर.

खेळ बघायला समोर स्टुलांवर बसलेल्या म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. या नाटकांत कथा तेवढी ठरलेली असते, बोलायचं ते जागच्या जागी सुचेल तसं. दुष्ट राजा झालेल्या मावशींनी लगेच डाव साधला.

"काय रे, डोळ्यांना खिडक्या बसवल्यास? तलवार सोड, घरी जाऊन सुईत दोरा ओव!"

"ओवीन की! आधी तुझं नाक कुठून कापायचं ते नीट बघू दे."

म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. एकीनं तर स्वतःचा चष्मा काढून वर हलवला.

मग तलवारी भिडल्या. श्युएलीचा एकही वार चुकला नाही. कथेप्रमाणे राजानं हरून गुडघे टेकले, पण हिनं तलवार मानेवरून काढलीच नाही. समोर देवळाचं दार उघडं होतं आणि आत देवी बसली होती.

"शरण आलास ना? मग देवीसमोर बोल. उद्यापासून सेनापती कोण?"

मावशींनी दबक्या आवाजात एक शिवी हासडली. देवीपुढं दिलेला शब्द नाटकातला असला तरी मागे घेता येत नाही. ढोलवाला हात वर करून थांबला.

"तूच," मावशी पुटपुटल्या.

"मोठ्यानं. मागच्या स्टुलांना ऐकू गेलं नाही."

"तूच गं मेले! चष्म्यासकट!"